मागणी कोणाला बांधते?

मराठीतील ‘मागणी’ या शब्दाला अनेक पदर आहेत. वधूला मागणी घातली जाते. अर्थशास्त्रात मागणी आणि पुरवठा यांची जोडी असते. आणि जुन्या पुस्तकविक्रेत्यांच्या सूचिपत्रात ‘आपली मागणी आजच नोंदवा’ अशी विनंती छापलेली असे. यातील पहिल्या आणि शेवटच्या अर्थात मागणारा माणूस देणाऱ्यापुढे किंचित वाकलेला आहे. समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, हे त्याला ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत आपण हा शब्द बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी ‘ऑर्डर’ हा शब्द घराघरांत आणून बसवला. ऑर्डर म्हणजे हुकूम. शब्द बदलला म्हणून लगेच माणूस बदलतो असे नाही. परंतु रोज दहा वेळा हुकूम सोडणाऱ्या जिभेला विनंतीची सवय किती दिवस राहील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. म्हणूनच आम्हांला येथे एक जुना नैतिक प्रश्न नव्या व्यवहाराच्या संदर्भात मांडावासा वाटतो. वस्तूची किंमत चुकती केली की ग्राहकाचे कर्तव्य संपते काय? आणि मागणी नोंदवली जाते तेव्हा नेमके कोण कोणाला बांधले जाते?

हा प्रश्न आम्ही मानखुर्दच्या संदर्भात विचारतो आहोत, त्याला कारण आहे. १९९२ मध्ये हार्बर मार्ग खाडी ओलांडून वाशीला पोहोचेपर्यंत मानखुर्द हे गाडीचे शेवटचे स्थानक होते. आज गाड्या पुढे पनवेलपर्यंत जातात. तरी शहराच्या मनात मानखुर्द अजूनही टोकालाच आहे. ज्या ‘एम-पूर्व’ विभागात ते मोडते, तो विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व विभागांच्या तळाशी होता. रेल्वेमार्गालगतच्या आणि रस्तारुंदीत आलेल्या झोपड्यांमधील कुटुंबे येथील लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आणून वसवली गेली. पलीकडे मंडाळ्याच्या भंगाराच्या वखारी आणि जवळच देवनारचे कचऱ्याचे डोंगर. शहराच्या इतर भागांत वस्तू मागवणारा, ती पोहोचवणारा आणि तिचा रिकामा खोका वेचणारा ही तीन माणसे एकमेकांपासून दूर राहतात. त्यामुळे त्यांना एकमेकांचा विसर पडणे सोपे जाते. मानखुर्दमध्ये ही तिघे एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात राहतात. थोरला मुलगा दुचाकीवर पार्सले पोहोचवतो, धाकटी बहीण मोबाइलवरून कपडे मागवते आणि शेजारीण पुठ्ठा गोळा करून विकते. व्यवहाराची सारी साखळी जेथे एका नजरेत दिसते, तेथे तिच्या नीतीचा विचार करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते.

मागणीची नीती आपल्या समाजाला नवी नाही. ‘रतीब’ हा आपला शब्द घ्या. दुधाचा रतीब, फुलांचा रतीब, पावाचा रतीब. वसईच्या आमच्या वाचकांना याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. पहाटेच्या गाडीने दूध, भाजी आणि फुले घेऊन मुंबईत ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या दारी जाणारी माणसे त्यांनी आपल्या घरांत पाहिली आहेत. रतीब हा न लिहिलेला करार होता. पाऊस असो, संप असो, दूध येणार, हा एका बाजूचा शब्द. आणि गावाला जायचे असेल तर आदल्या दिवशी ‘उद्यापासून चार दिवस दूध नको’ असे सांगायचे, हा दुसऱ्या बाजूचा शब्द. न सांगता दार बंद ठेवून जाणे हे कोणत्याही कायद्याने गुन्हा नव्हते. तरी ते असभ्यपणाचे मानले जाई. कारण भरलेले दूध परत जात नाही, ते नासते, हे गिऱ्हाइकाला कळत होते. दुसऱ्याच्या नुकसानीचे ज्ञान हाच तेथे बंधनाचा पाया होता.

वाण्याच्या दुकानातील महिन्याची यादीही अशीच. कागदाच्या चिठोऱ्यावर डाळ, तांदूळ, गूळ, साबण लिहून पाठवायचे. दुकानातील पोऱ्या ते पिशव्यांत भरून घरी आणणार. तूरडाळ संपली असेल तर ‘मसूर देऊ काय?’ असा निरोप येणार. आणि हिशेब वहीत चढणार. हे सारे चित्र गोड करून सांगण्याचा मोह आम्ही टाळतो. त्या वहीत अनेक गरीब कुटुंबे वर्षानुवर्षे अडकून पडली. वजनात आणि भावात फसवणूक झाली, तरी उधारीच्या ओझ्याखाली तोंड उघडता येत नसे. आणि ज्या पोऱ्याने चार मजले चढून पिशव्या आणल्या, त्याला पगार किती, तो झोपतो कुठे, तो शाळेत का नाही, हे त्या काळीही फारसे कोणी विचारले नाही. पोहोचवणाऱ्याकडे न पाहण्याचा दोष मोबाइलने जन्माला घातलेला नाही. तो आमच्या जुन्या सभ्य घरांतही होता.

अनोळखी माणसांमधील मागणीचा प्रश्न टपाल खात्याने फार पूर्वी सोडवला होता. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ या नावाने जी सोय ओळखली जाते, तिची आजी म्हणजे ‘व्ही. पी.’. १८७७ मध्ये भारतीय टपाल खात्याने ही पद्धत सुरू केली. पुण्याच्या प्रकाशकाने पुस्तक पाठवायचे, गावच्या पोस्टमनने पैसे घेऊन ते हाती द्यायचे आणि ती रक्कम मनीऑर्डरने प्रकाशकाकडे परत जायची. विक्रेता आणि ग्राहक यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसे. दोघांचाही विश्वास मधल्या खाकी गणवेशावर होता. मराठीतील कितीतरी मासिके आणि पुस्तके या मार्गाने खेड्यापाड्यांत पोहोचली. आणि ‘व्ही. पी. परत आली’ हे वाक्य प्रत्येक छोट्या प्रकाशकाच्या पोटात गोळा आणणारे होते. मागवून नाकारणाऱ्याला त्याची काही झळ नव्हती. जाण्यायेण्याचा खर्च मात्र पाठवणाऱ्याच्या माथी बसे.

याहून निराळा आणि आमच्या मते अधिक विचार करायला लावणारा प्रयोग याच मुंबईत घडला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायत चळवळीतून १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या वितरण व्यवस्थेत शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन आपला संघ करतात. प्रत्येक घर महिन्याच्या गरजेची यादी आगाऊ भरून देते. सर्व संघांच्या मागण्यांची बेरीज करून माल घाऊक खरेदी केला जातो. ठरलेल्या दिवशी तो संघाच्या एका सभासदाच्या घरी उतरतो आणि सभासदच तो आपसांत वाटून घेतात. या व्यवस्थेत मागणी खरेदीच्या आधी येते. म्हणजे माणूस आधी विचार करतो, मग लिहितो आणि लिहिलेल्या शब्दाला जागतो. कारण त्याने न उचललेली साखर अखेर त्याच्याच शेजाऱ्यावर पडणार असते. येथे ग्राहक स्वतःच हमालही आहे आणि हिशेबनीसही. पिशवीचे वजन ज्याने स्वतःच्या हाताने पेलले, त्याला पोहोचवणाऱ्याच्या खांद्याची आठवण निराळी करून द्यावी लागत नाही. अर्थात ज्याची मिळकत रोजची आहे, त्याला महिन्याची यादी परवडत नाही. मानखुर्दच्या वस्तीत तेल छोट्या पिशवीने आणि चहापूड पुडीने विकली जाते, ती हौसेने नव्हे.

आता आजच्या मागणीचा प्रवास पाहू. मोबाइलवर बोट टेकले की प्रथम पिनकोड तपासला जातो. मग जवळच्या गोदामात ती वस्तू शिल्लक आहे की नाही हे पाहून एक नग त्या ग्राहकाच्या नावे राखून ठेवला जातो आणि मागणीला क्रमांक मिळतो. लांबून येणारा माल बहुधा भिवंडीच्या परिसरातील अवाढव्य गोदामांतून निघतो. तेथे हातात यंत्र घेतलेला कामगार यंत्र सांगेल त्या कप्प्याकडे जातो, वस्तू उचलतो, ती बांधली जाते, पिनकोडप्रमाणे निवडली जाते आणि रात्रीच्या गाडीने वितरण केंद्रात येते. किराणा मालासाठी वस्तीजवळच लहान गोदामे उघडली आहेत. त्यांत ग्राहकाला प्रवेश नसतो, केवळ वस्तू वेचणारे कामगार आणि बाहेर दुचाकीवर थांबलेले तरुण असतात. कोणत्या तरुणाला कोणती मागणी द्यायची हे संगणक ठरवतो. दारात चार आकडी संकेतांक सांगितला की व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद होते. ही रचना थक्क करणारी आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. वाण्याच्या चिठोऱ्यावर वाचता न येणारे अक्षर येथे नाही. वहीतील खाडाखोड नाही. जात, धर्म किंवा कपडे पाहून गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणारा गल्ला नाही. लल्लूभाई कंपाउंडच्या सहाव्या मजल्यावरील मुलीला तोच सदरा त्याच किमतीत मिळतो, जो मलबार हिलवरील मुलीला मिळतो. ही समता क्षुल्लक नाही.

कायद्यानेही या व्यवहाराला वळण लावण्याचा प्रयत्न केला आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या रीतीने पाहिले तर दुकानात मांडलेली वस्तू हे केवळ आमंत्रण असते. ग्राहकाची मागणी हा प्रस्ताव आणि विक्रेत्याचा होकार हा स्वीकार. म्हणजे ‘ऑर्डर’ हा हुकूम नव्हे, हे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये ई-वाणिज्याचे नियम आले. त्यांतील एक नियम आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटतो. विक्री करणारी कंपनी स्वतः मागणी एकतर्फी रद्द करते तेव्हा तसाच आकार स्वतः सोसत नसेल, तर ग्राहकाने मागणी रद्द केल्याबद्दल त्याच्याकडून आकार घेण्यास तिला मनाई आहे. जे बंधन मी तुझ्यावर घालतो, ते मी स्वतःवरही घेतले पाहिजे, हे नीतीचे फार जुने सूत्र येथे राजपत्राच्या भाषेत अवतरले आहे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरू नये, असेही ते नियम सांगतात. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने ग्राहकाला गुपचूप फशी पाडणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे आणि टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे या त्यांपैकी दोन.

परंतु हे सारे नियम दोघांमधले आहेत: विकणारा आणि घेणारा. मागणी मात्र तिसऱ्याच्या पाठीवरून येते. त्या तिसऱ्याचे काय? बराच काळ तो ना नोकर होता ना मालक. कंपनीच्या भाषेत तो ‘भागीदार’ होता. नफ्यात वाटा नसलेला आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरणारा असा हा विलक्षण भागीदार. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या प्रथमच केली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस या कामगारांच्या संघटनांनी संप पुकारला. ‘दहा मिनिटांत घरपोच’ या घोषणेवरील टीका तीव्र झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या आग्रहानंतर एका मोठ्या कंपनीने ती घोषणा मागे घेतली. घोषणा गेली, घाईची सवय गेली काय, हे प्रत्येकाने आपापल्या दारात उभे राहून पाहावे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. ‘हा तरुण आपल्या मर्जीने काम करतो. त्याला कोणी बांधून ठेवलेले नाही. आम्ही मागवणे बंद केले तर त्याच्याच पोटावर पाय येईल.’ या म्हणण्यात तथ्य आहे. मानखुर्दच्या ज्या घरात महिन्याचे भाडे या कामातून निघते, त्या घराला आमचे नैतिक प्रवचन नको आहे; मागण्या हव्या आहेत. परंतु मर्जी म्हणजे काय? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात हाच प्रश्न हाताळला होता. गरजेने किंवा याहून वाईट काही ओढवेल या भीतीने कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, तर ती संमती न्यायाची खूण ठरत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. ज्याच्यापुढे दुसरी वाट नाही, त्याचा होकार ऐकून आपण निश्चिंत होऊ शकत नाही. मागवणे थांबवा, असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. मागणीबरोबर आपणही त्या अटींचे लाभार्थी झालो आहोत आणि लाभार्थ्याला अजाणतेपणाचा आडोसा घेता येत नाही, एवढाच तो अर्थ आहे.

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर २०२१ पासून उड्डाणपूल आहे. त्याच्या खालून आणि वरून वाहने अहोरात्र धावतात. त्या रस्त्यावर, पावसाळ्यातील संध्याकाळी, खांद्यावर चौकोनी पिशवी अडकवलेला तरुण वाट काढतो तेव्हा ग्राहकाच्या मोबाइलवर तो नकाशावरील सरकता ठिपका असतो. ठिपका थांबला की आपण अस्वस्थ होतो. जुना पोऱ्या दिसत नव्हता म्हणून त्याचा विसर पडे. आजचा तरुण क्षणोक्षणी दिसतो, आणि तरीही आपण पाहतो ती केवळ आपली वस्तू. दिसणे आणि पाहणे यांत किती अंतर असते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला सुचत नाही.

दुसरा प्रश्न दारातून पार्सल परत पाठवण्याचा. पैसे आधी न भरता वस्तू आल्यावर देण्याची सोय गरिबाला मोलाची आहे. ज्याची अनेकदा फसवणूक झाली, ज्याच्या खात्यात अडकून पडलेले तीनशे रुपये म्हणजे आठवड्याचा भाजीपाला, त्याने वस्तू पाहूनच पैसे देण्याचा आग्रह धरावा, यात अविश्वासाचा दोष नाही. तो शहाणपणा आहे. फाटकी, चुकीची किंवा खोटी वस्तू परत करणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो बजावताना त्याने संकोच करू नये. परंतु तीन दुकानांत एकच वस्तू मागवून जी आधी येईल ती ठेवणे, सणात मिरवून झालेला पोशाख परत करणे, किंवा मन बदलले म्हणून फोन न उचलता दार बंद ठेवणे, यांना हक्क म्हणता येणार नाही. रद्द करण्याचे बटण हाताशी असताना ते न दाबणे म्हणजे रतीबवाल्याला न सांगता गावाला जाणे होय. त्या परतफेरीचा खर्च बहुधा एखाद्या छोट्या विक्रेत्यावर पडतो आणि तिसरा मजला चढून उतरणाऱ्याचा वेळ तर कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

आणि जेथे घराला क्रमांकच नाही, तेथे काय? आपली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नाटककार व कवी. सारख्या नावांची गावे आणि अनेक लिप्यांतील पत्ते यांचा गोंधळ सुटावा, प्रत्येक पत्र योग्य दारी पोहोचावे, हा त्यामागील हेतू होता. मानखुर्दचे टपाल ४०००८८ या सहा आकड्यांच्या आधारे येते. पण सहा आकडे वस्तीपर्यंत आणून सोडतात. तेथून पुढे नळ, मशीद, अंगणवाडी, अमक्याची टपरी अशा खुणांवर माणूस माणसाला शोधतो. तो पोहोचवणारा तरुण वस्तीतलाच असेल तर दार सापडते. परका असेल तर ‘पत्ता सापडला नाही’ अशी नोंद होते आणि पार्सल परत जाते. म्हणून पत्ता ही आम्हांला नागरिकत्वाची एक पायरी वाटते. ज्याला पत्ता नाही, त्याला मागण्याचाही अधिकार अर्धाच मिळतो. पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये हवा-उजेडाची वानवा आहे, ही तक्रार खरी. तरी दारावर रंगवलेल्या खोली क्रमांकाने तेथील माणसाला जगाशी व्यवहार करण्याची जागा दिली, हेही खरे.

मागणीचा शेवट ग्राहकाच्या दारात होत नाही, हे मानखुर्दइतके दुसऱ्या कोणत्या उपनगराला ठाऊक असणार? वस्तू कपाटात जाते. पुठ्ठा, चिकटपट्टी आणि हवेचे फुगे असलेले प्लास्टिक बाहेर पडते. १९२७ पासून देवनार शहराचा कचरा पोटात घेत आले आहे. त्या डोंगरांवर आणि त्यांच्या पायथ्याच्या वखारींत पुठ्ठा वेगळा काढणारे हात मागणीच्या साखळीतील शेवटचे हात आहेत. त्यांना मागणी क्रमांक ठाऊक नसतो. खोक्यावर चिकटवलेले नाव आणि पत्ता मात्र त्यांच्या समोर येतो. ग्राहकाला त्यांचे नाव कधीच कळत नाही. त्यांना मात्र ग्राहकाचे नाव आपसूक कळते, ही विषमता क्षणभर थांबून विचार करण्याजोगी आहे.

तर मग मागणी कोणाला बांधते? आमचे उत्तर असे आहे, की ती विक्रेत्याला, ग्राहकाला आणि त्या दोघांमध्ये राबणाऱ्या सर्वांना एका तात्पुरत्या नात्यात बांधते. आणि पैसे हे त्या नात्यातील एक देणे आहे, एकमेव देणे नव्हे. उरलेली देणी लहान आहेत आणि गरिबालाही परवडण्याजोगी आहेत. मागण्यापूर्वी गरज तपासणे. नको असेल तर वेळेवर कळवणे. सापडेल असा पत्ता आणि उचलला जाईल असा फोन देणे. उशीर झाला तर कारण विचारण्यापूर्वी पाण्याचा पेला पुढे करणे. पुठ्ठा ओल्या कचऱ्यात न मिसळता कोरडा, निराळा ठेवणे. याने कामगाराला न्याय्य मजुरी मिळणार नाही. तिच्यासाठी कायदा, संघटना आणि त्यांच्या पाठीशी उभा राहणारा समाज लागेल. आणि असा समाज, ज्यांनी आपल्या दारातील माणसाकडे एकदा तरी नीट पाहिले आहे, अशा ग्राहकांतूनच घडू शकतो.

व्याकरणाने ‘मागणी’ आणि ‘मागणे’ ही दोन्ही एकाच धातूची रूपे आहेत. जो मागतो, तो आपण अपुरे आहोत आणि आपले दुसऱ्यावाचून चालत नाही, हे कबूल करतो. मोबाइलवरील बटणावर कोणताही शब्द छापलेला असो. ते दाबणाऱ्याने मनात तरी ‘मागणी’ हाच शब्द जपावा, एवढेच आमचे वाचकांकडे मागणे आहे.